खुर्चीचे पैसे

माझा भाचा जूनपासून मुंबईत आहे. मूळ सांगलीचा. फोर्टातल्या एका ऑफिसात सीएची आर्टिकलशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, करतोय, राहायला डोंबिवलीत तीन पोरांत मिळून एक खोली, आणि स्टायपेंड म्हणजे पास, भाडं नि मोबाइल गेले की जे काय उरेल ते. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याचा मेसेज, "मावशी, रोज अडीचशे जातात खाण्यावर, तरी भूक लागलेलीच असते, माझं काय चुकतंय?" म्हटलं काय खातोस ते पाठव. तर त्याने ॲपवरच्या ऑर्डरींचे फोटो पाठवले. एक व्हेज रोल, त्यावर पॅकिंगचे पैसे, डिलिव्हरीचे पैसे, आणखी कसलातरी प्लॅटफॉर्मचा चार्ज. अरे फोर्टात बसून पार्सल मागवतोस? खाली उतर की! लिफ्टला तिकीट आहे का?

मग त्याला माझा जुना हिशोब सांगितला. मुंबईत आपण खाण्याचे पैसे देतच नाही, खुर्चीचे देतो. उभ्याने खाल्लं तर वीस-तीस रुपयांत काम होतं, टेकायला बाकडं मिळालं तर साठ-सत्तर, पाठ टेकायची खुर्ची आली की शंभराच्या वर, आणि खुर्चीला गादी नि डोक्यावर एसी असेल तर मेनूकार्ड उजवीकडून वाचायला घ्यायचं. बटाटा तोच, बेसन तेच. जागा महाग आहे बाबा, बटाटा नाही.

तो म्हणाला, "मग स्वस्तात बसून कुठं मिळतं?" आणि इथे मी जरा अडकलेच, कारण खरा प्रश्न तोच आहे.

मी १९९९ साली फोर्टात नोकरीला लागले तेव्हा गाडीवर उभं राहून खायची मला लाज वाटायची. कोणी काही म्हणत नव्हतं, पण एकटी बाई, हातात कागद, तोंड हलतंय, येणारा-जाणारा बघतोय असं आपलं वाटायचं. म्हणून मी उडप्याकडे जायचे, तर तिथला वेटर एकटी बाई दिसली की न विचारता फॅमिली रूमकडे हात करायचा. फॅमिली रूम म्हणजे पोटमाळा. वाकून जायचं, ट्यूबलाइट फडफडतेय, पंखा डोक्याला लागेल की काय असा, नि मी एकटीच फॅमिली. इडली-सांबार खाऊन खाली यायचे तर सात मिनिटांत घामाने भिजलेली. वर बाहेरच्या बोर्डवर फॅमिली रूमचे रेट वेगळे लिहिलेले! म्हणजे त्या घामाचे पण पैसे. आमच्या ऑफिसात लालबागच्या एक सीनियर बाई होत्या, त्यांनी एक दिवस माझा हात धरून सरळ सँडविचवाल्यापाशी नेलं आणि म्हणाल्या, "उभी राहिलीस तर झिजशील का गं?" झिजले नाही. तेव्हापासून उभीच आहे.

तर भाच्याला पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याच सँडविचवाल्याच्या गल्लीत नेलं. माणूस बदललाय, बहुतेक पुतण्या असावा, पेटी तीच. तिवईवर काचेची पेटी, आत उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, काकडी, टोमॅटो, कांदा, आणि तो बीट, ज्याच्यामुळे सँडविचवाल्याची बोटं कायम जांभळट. मी कितीही घाईत असले तरी त्याचे हात बघत उभी राहते. दोन स्लाइस, सुरी आडवी धरून एका फटक्यात बटर, दुसऱ्या फटक्यात हिरवी चटणी अगदी कडेपर्यंत (कडेपर्यंत चटणी लावत नाही त्या सँडविचवाल्याकडे दुसऱ्यांदा जायचं नाही), मग पत्ते पिसल्यासारख्या चकत्या टाकतो, वरून चिमटीने मसाला, मसाला पडतो तो पण मोजून, प्रत्येक चकतीवर. टोस्ट हवा असेल तर ते दोन दांड्यांचं चपटं यंत्र निखाऱ्यावर धरतो, मधे एकदा उघडून वास घेतो आणि परत मिटतो. मग सहा तुकडे, वर शेव, बाजूला टोमॅटो सॉसचा ढीग. आणि शेवटी त्याच्यासमोर जरा रेंगाळलात तर चटणी लावलेला एक कोरा स्लाइस मिळतो, पाणीपुरीनंतरच्या सुक्या पुरीसारखा. हा हक्क आहे, पण मागायचा नसतो, फक्त प्लेट पुढे धरायची असते. भाच्याने पहिल्या दिवशी तोंडाने मागितला. "मिळेल की भाऊ," म्हणाला तो, नि दिला, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वडापावबद्दल मी जास्त लिहिणार नाही, त्याच्यावर सगळ्यांनी लिहून झालंय. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी पहिल्यांदा पावात वडा घातला असं सांगतात, गिरणीतली माणसं शिफ्टला जाता-येता खायची, मग १९८२ च्या संपानंतर कितीतरी घरांनी गाड्या टाकल्या, हे सगळं माहितीये. मला त्यातलं एकच महत्त्वाचं वाटतं, की तो खाणं खुर्चीपासून सोडवणारा पदार्थ आहे. एक हात पावाला, दुसरा ट्रेनच्या दांड्याला. भाजी-पोळी अशी खाता येत नाही, इडली तर नाहीच नाही. पाव म्हणजेच वाटी, पाव म्हणजेच चमचा.

सीएसएमटीसमोर आरामचा वडापाव आहे, भाच्याच्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटं. पण मला स्वतःला विचाराल तर दादरला कीर्ती कॉलेजच्या जवळचा. वडा मोठा, आणि बरोबर चुरा. चुरा म्हणजे तळताना कढईत सुटलेले बेसनाचे कुरकुरीत तुकडे. खिशात अगदीच खडखडाट असेल तर नुसता चुरापाव पण खातात लोक, बटाटा नाही काही नाही, पाव, चटणी आणि कुरकुर. हा मला मुंबईतला सगळ्यात हुशार पदार्थ वाटतो. जे झाऱ्यात गाळून टाकायचं, त्यालाच गिऱ्हाईक.

आता पावाचं. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, हायकोर्टाने सांगितलं की बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदला, गॅसवर किंवा विजेवर जा. हवेसाठी बरोबरच आहे, आमच्याकडे खिडकीच्या गजांवर रोज काळं बसतं. पण बेकरीवाले म्हणतात खर्च वाढणार. पावाच्या लादीमागे दोन-चार रुपये वाढले की आपल्याला काय कळत नाही, गाडीवाल्याला कळतं, आणि मग तो वडा लहान करतो. भाव वाढवला तर गिऱ्हाईक भांडतं, वडा लहान केला तर गप्प बसतं. आमच्या स्टेशनबाहेरचा वडा मी वीस वर्षं बघतेय, तो आता लिंबाएवढा झालाय, आणखी लहान झाला तर भजी म्हणून विकावा लागेल.

आणि एक सांगायचंच राहिलं. मागच्या दिवाळीत एका मॉलमध्ये मैत्रिणींबरोबर गेले होते, तिथे स्लेटच्या पाटीवर तीन छोटे वडापाव आले, पावावर तीळ, चटणी ड्रॉपरमधून. बिल बघितलं नि मी त्या खुर्चीवर अजून चाळीस मिनिटं बसून राहिले, मुद्दाम. पैसे दिलेत तर वसूल.

शनिवारी भाच्याला माटुंग्याला नेलं. ठरवूनच, बसून स्वस्त हा प्रकार त्याला दाखवायचा होता. माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की तुम्ही मुंबईत आहात असं वाटतच नाही, फुलांच्या गजऱ्यांचा नि कॉफीचा वास, केळीची पानं विकायला बसलेली माणसं. रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं, बाजाराच्या वर पहिल्या मजल्यावर. आधी कूपन घ्यायचं मग नंबर. ताटातलं ठरावीक घ्या नाहीतर केळीच्या पानावर पोट भरेपर्यंत. सांबार, रसम, दोन भाज्या, पापड, भात, ताक. वाढपी थांबत नाही, तुम्ही नको म्हणेपर्यंत तो रसम घेऊन पुढच्या टेबलावर गेलेला असतो, तेव्हा हात पानावर आडवा धरायची सवय लागते. आमचा पोरगा चार वेळा भात घेऊन म्हणाला, "मावशी, हितं सांबार गोडसर आहे, पण लई भारी." सांगलीचा माणूस दुसऱ्याच्या तिखटाला भारी म्हणत नाही, गोडाला म्हणाला हेच पुष्कळ. वडापावशी तुलना केली तर स्वस्त नाही, पण एवढं जेवल्यावर रात्री फक्त चहा लागतो, असा हिशोब केला तर आहे.

कॅफे मद्रास पण तिथेच, १९४० चं. तिथे बाहेर नाव लिहायचं नि फुटपाथवर उभं राहायचं, आणि आत चौघांच्या टेबलावर अनोळखी दोघांबरोबर बसायचं. रसम वडा घ्या, पोडी इडली घ्या. सोमवारी जाऊ नका, बंद असतं, मी दोनदा फसलेय. मला तिथे खाण्याइतकंच बघायला आवडतं ते म्हणजे माणसं खुर्ची कशी सोडतात. कोणी उठ म्हणत नाही. फक्त दारातून दहा जोडी डोळे तुमच्या वाटीकडे लागलेले असतात, चटणी संपत आली की डोळे जवळ येतात. साध्या उडप्याकडे तर, लंच टायमाला, तुमच्या खुर्चीच्या मागेच माणूस बॅग घेऊन उभा राहतो. तुमचं शेवटचं डोशाचं टोक असतं आणि त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर येऊन टेकतो. बाहेरगावच्या माणसाला हा अपमान वाटतो. भाच्याला वाटला. "काय गं हे, घास घशात अडकतोय!" म्हटलं अडकू दे, पाणी पी, आपणपण आत्ता असेच उभे होतो ना कोणाच्यातरी मागे. उडप्याला इडलीत काय सुटत असेल, खुर्ची दिवसातनं किती वेळा रिकामी झाली त्यात सुटतं सगळं. म्हणून तो फडकं घेऊन टेबल पुसायला येतो तुम्ही अजून बिल बघताय तेव्हाच.

याच्या अगदी उलट इराणी. धोबी तलावला कयानी १९०४ सालचं. काळ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बन मस्का, चहा, मावा केक. इराण्यांना कोपऱ्यावरची दुकानं मिळाली कारण आपल्याकडे कोपऱ्याची जागा अशुभ मानायचे, असं म्हणतात. आपलीच अंधश्रद्धा नि आपल्यालाच त्याच्यामुळे दोन रस्त्यांकडे बघत चहा प्यायला मिळाला! एका चहावर तासभर बसलं तरी कोणी खुर्चीला हात लावायचं नाही. माझ्या वडिलांची परळच्या एका इराण्याकडे रोजची बैठक होती, एक पानी कम चाय, अर्धा पेपर, बाकी अर्धा शेजारच्या टेबलावर. आता तिथे मोबाइलचं शोरूम आहे. एका चहावर तासभर खुर्ची द्यायची तर आजच्या भाड्यात ते कसं परवडायचं, हे मला शाळेतल्या गणितापेक्षा लवकर समजलं. गिरगावात खोताच्या वाडीतली अनंताश्रम खाणावळ पण गेली. माशांचं जेवण स्वस्तात बसून मिळायच्या जागा तर एकेक करून महागल्या किंवा मिटल्या, त्याबद्दल बोलत नाही, सोमवारीच पापलेटचा भाव विचारून आलेय.

सरकारने मात्र दोनदा खुर्चीचं बघितलं हे कबूल केलं पाहिजे. १९९५ ला युतीचं सरकार आलं तेव्हा एक रुपयात झुणका-भाकर. आम्ही कॉलेजात होतो, गंमत म्हणून खाऊन आलो होतो, भाकरी जाड होती, पण एक रुपया! पुढे त्या केंद्रांतल्या कितीतरी टपऱ्यांवर झुणक्याच्या जागी चायनीज आलं ते सगळ्यांनी बघितलंय. मग २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली, दहा रुपये, दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. दोनच महिन्यांत लॉकडाऊन लागला आणि तिची किंमत पाच रुपये केली. मी एकदा ऑफिसच्या कामाला गेले असताना एका केंद्रावर जेवले. रांगेत हमाल होते, हॉस्पिटलात पेशंटबरोबर आलेली गावची माणसं, एक बँकेतले वाटणारे काका पण. भात थोडा चिकट, वरण बरं. भाच्याला म्हटलं जा, लाज काय त्यात. तो म्हणाला, "मावशी, माझ्यापेक्षा गरज असलेल्याचं ताट जाईल ना." मग मी गप्प बसले, पोराला काहीतरी शिकवलंय घरी.

शनिवारी माटुंग्याहून परत येताना ठाण्याला उतरलो, मामलेदारची मिसळ. तहसीलदार कचेरीच्या शेजारी, १९४६ पासून, म्हणून नाव मामलेदार. सांगलीकराने अर्थात तिखट मागितली. मी मीडियम. इथली तर्री फसवते, पहिल्या दोन घासांना काही वाटत नाही, मग कानाच्या मागून घाम सुरू होतो. आमचे भाचेबुवा तिसऱ्या पावावर बोलायचे बंद झाले. डोळ्यात पाणी, नाक लाल, तरी "कोल्हापूरला याच्यापेक्षा तिखट असती" हे चालूच. तेवढ्यात पोऱ्याने न विचारता ताक आणून ठेवलं. तो असे सांगलीकर रोज बघत असणार.

पावसातली एक गोष्ट मात्र मी त्याला ताकीद देऊन सांगितलीये. जुलै-ऑगस्टमध्ये गाडीवरची पातळ हिरवी चटणी खायची नाही, सुकी लसणाची चालेल. तळलेलं गरम खा, पाणी आपलं प्या. २००८ की ०९ ला मी एका गाडीवर (कुठली ते सांगत नाही, बिचारा अजून आहे) भर पावसात शेवपुरी खाल्ली आणि तीन दिवस ग्लुकोजच्या बाटलीला लटकले. डॉक्टर म्हणाले काय खाल्लं, नवरा म्हणाला काय काय खाल्लं ते विचारा.

राहिलं रात्रीचं. सव्वा तास लोकलमधे उभं राहून डोंबिवलीला उतरल्यावर पोरं बुर्जीपावच्या गाडीवर जातात, त्याला माझी ना नाही, रात्री तव्यावरचा तो खडखडाट ऐकूनच अर्धी भूक भागते. पण रोज बुर्जी? डोंबिवलीत राहून? ज्या गावात प्रत्येक गल्लीला एक पोळीभाजी केंद्र आहे? म्हटलं संध्याकाळी मोजून चार पोळ्या घे, घडीच्या असतात, मऊ, एक सुकी भाजी, बुधवारी आळूचं फदफदं असेल तर ते पहिलं घे, साताला संपतं. दोघांनी मिळून आमटी. शंभराच्या आत दोघांचं होतं. तो म्हणे, "ते पार्सल असतंय, खोलीत बसायला जागा नाही, तिघांच्या गाद्या अंथरलेल्या." म्हणजे फिरून गाडी खुर्चीवरच आली.

काल त्याचा फोन आला. हल्ली रोज एकाच केंद्रात जातो, तिथल्या काकूंना त्याने जीएसटीचं काहीतरी भरून दिलं म्हणे, आर्टिकलशिपचा पहिला उपयोग. तर काकूंनी काल आतून प्लास्टिकचं स्टूल काढून काउंटरच्या बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, बस इथेच, गरम आहे तोवर खा.

"वा!" म्हटलं.

"पण गिऱ्हाईक आलं की उठायचं म्हणाल्या."

"किती वेळा उठलास?"

"सहा वेळा. दोन पोळ्या उभ्यानंच खाल्ल्या."